दात येतात नंतर, घडतात पोटात

मागच्या श्रावणातली गोष्ट. शहापूर तालुक्यात डोळखांबच्या बाजूला एका पाड्यावरच्या अंगणवाडीत आम्ही बचत गटाच्या बायकांनी मुलांच्या दातांची तपासणी ठेवली होती. तपासायला दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. आसनगावपर्यंत लोकल, पुढे जीप, आणि शेवटचा तुकडा चिखलातून पायी. माझं काम नावं लिहायचं आणि रडणाऱ्या पोरांना धरायचं. मी काही डॉक्टर नाही. बी. ए. झाले, लग्न होऊन मुरबाडला आले, आणि घरचं सांभाळून गेली काही वर्षं ही अशी कामं करते.

एक सासू-सून अडीच वर्षांच्या पोराला घेऊन आल्या. पोराचे वरचे पुढचे दात तपकिरी झालेले, कडा झिजलेल्या. डॉक्टरीणबाईंनी काही विचारायच्या आतच सासूबाई सुरू झाल्या, "हिलाच विचारा. रडला की गोळ्या-बिस्किटं देते. रात्री पाजतापाजता झोपते. पोराच्या तोंडाची माती केली हिनं." सून खाली मान घालून उभी. वय असेल एकवीस-बावीस.

डॉक्टरीणबाईंनी पोराचा ओठ हळूच वर केला, बॅटरीच्या उजेडात बघितलं आणि भलताच प्रश्न विचारला, "हा कितव्या महिन्यात झाला?"

सून पहिल्यांदा बोलली. "सातव्या. भट्टीवरच झाला."

"भट्टीवर काय काम करायचीस?"

"विटा उचलायची. शेवटपर्यंत."

बाईंनी मला जवळ बोलावून दाखवलं. दोन्ही पुढच्या दातांवर अगदी एकाच उंचीवर बारीक खड्ड्यांची आडवी रेघ होती. नखावर आजारपणाची खूण उमटते ना, तशी. त्या म्हणाल्या, "ही रेघ बिस्किटानं पडत नाही. हा दात पोटात तयार होत होता तेव्हा ती पडली. इथं कवच कमजोर राहिलं, म्हणून कीड लवकर लागली. बिस्किटं बंद करायचीच, पण सगळा दोष त्या बिस्किटांचा नाही आणि हिचा तर नाहीच."

सासूबाई गप्प झाल्या. मीही गप्प झाले. कारण खरं सांगायचं तर मैत्रिणींनो, मलासुद्धा वाटायचं की दात सहाव्या-सातव्या महिन्यात 'येतात', म्हणजे तेव्हाच तयार होतात! माझ्या दोन मुलांच्या वेळी मी हिरडीवर बोट फिरवून दाताची वाट बघत बसले होते. तो आधीच तयार होऊन आत बसलेला होता, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

कळी, टोपी आणि घंटा

त्या दिवशी परतीच्या जीपमध्ये बाईंनी मला जे समजावलं आणि नंतर मी जे विचारून-वाचून घेतलं, ते आपल्या भाषेत सांगते.

गर्भ राहिल्यावर साधारण सहाव्या आठवड्यात दातांची सुरुवात होते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम महिना झालेला असतो. घरात अजून कुणाला सांगितलेलंही नसतं. गर्भ तेव्हा बोटाच्या एका पेराएवढाही नसतो. पण त्याच्या इवल्याशा तोंडात, जिथे पुढे हिरड्या होणार तिथे, कातडीची एक पट्टी जाड होऊ लागते. त्या पट्टीवर ठिकठिकाणी कळ्या धरतात. वर दहा, खाली दहा. दुधाचे दात बरोबर वीसच असतात ना, त्या या वीस कळ्या.

पुढे प्रत्येक कळी खालून आत दबते आणि टोपीसारखी दिसते. मग ती आणखी वाढून घंटेसारखी होते. डॉक्टरांच्या पुस्तकातही या पायऱ्यांची नावं हीच आहेत, कळी, टोपी आणि घंटा. घंटेच्या आकारात दाताचा साचा ठरतो. हा पुढचा दात, हा सुळा, ही दाढ. साचा झाला की भरण सुरू होतं. आतल्या पेशी दाताचा मुख्य भाग घडवतात आणि बाहेरच्या पेशी त्यावर पांढरं कवच चढवतात. त्याला एनॅमल म्हणतात. आपल्या शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू ती हीच, हाडाहूनही कठीण.

आता यातली महत्त्वाची गोष्ट ऐका. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरून येते. एनॅमलचं तसं नाही. ते घडवणाऱ्या पेशी एकदाच काम करतात आणि दात बाहेर येईपर्यंत नाहीशा होतात. भिंतीला गिलावा करून गवंडी कायमचा निघून जावा, तसं. गिलावा करताना मालात काही कमी पडलं, तर ती उणीव तशीच राहते. नंतर कितीही दूध प्यायलं तरी भरून निघत नाही.

हे कवच दुधाच्या पुढच्या दातांवर चौथ्या महिन्याच्या सुमारास चढू लागतं. सहाव्या महिन्यापर्यंत विसांच्या विसांचं काम सुरू झालेलं असतं. बाळ जन्मतं तेव्हा पुढच्या दातांचं वरचं काम जवळजवळ संपलेलं असतं, सुळ्यांचं थोडं झालेलं, मागच्या दाढांचं नुकतंच सुरू. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत विसांवरचं कवच पुरं होतं.

झाडाच्या खोडातली वर्तुळं बघून त्याचं वय सांगतात, तसे हे थर रोजच्या रोज चढत असतात. जन्माच्या दिवसाचीसुद्धा एक बारीक रेघ दाताच्या आत पडते. सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसते. रेघेच्या एका बाजूचं पोटात घडलेलं, दुसऱ्या बाजूचं बाहेर आल्यावर. त्या पोराच्या दातावर डोळ्यांना दिसणारे खड्डे पडले होते, कारण त्या काळात त्याच्या आईचे आणि त्याचे हाल तेवढे मोठे होते.

तीन हजार वर्षांपूर्वीच्या आया

दात ही रोजनिशी किती जपून ठेवतो, याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ पासून पुढे बरीच वर्षं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. मूल दगावलं की ते लोक त्याला दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घरातल्याच जमिनीखाली पुरत. बाहेर रानात ठेवायला त्या आईचं मन धजत नसेल, असं मला आपलं वाटतं.

डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन लुकाक्स यांनी इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद इथल्या अशा मुलांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास केला. त्यांच्या सुळ्यांवर कवच नीट न धरल्याच्या खुणा मिळाल्या. सुळ्याचा तो भाग घडतो जन्माच्या आसपास आणि नंतरच्या काही महिन्यांत. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका आईची आणि तान्ह्या बाळाची ओढाताण त्या दातावर लिहिलेली राहिली आणि आज वाचता आली. भांडी फुटली, घरं पडली, नाव तर कुणाचंच उरलं नाही. दात उरला.

हे वाचलं तेव्हा मला ती भट्टीवरची सून आठवली.

आपल्याकडचे समज

दातांच्या बाबतीत आपल्याकडे इतक्या गोष्टी बोलल्या जातात, की त्यातलं खरं-खोटं एकदा निवडायलाच हवं.

कधी एखादं बाळ दात घेऊनच जन्मतं. लगेच कुजबुज सुरू होते. अपशकुनी, कुळावर संकट, आणि काय काय! आता तुम्हाला ठाऊक झालंय की दात जन्माच्या आधीच आत तयार असतो. क्वचित एखादी कळी हिरडीत थोडी वर असते, म्हणून दात लवकर डोकावतो. दोन-तीन हजार बाळंतपणांत एखादं असं होतं. बहुतेक वेळा तो खालचा पुढचा दुधाचाच दात असतो, जादा नसतो. म्हणून तो घरी दोऱ्यानं ओढायचा नाही, दाईलाही काढू द्यायचा नाही. फारच हलत असेल, घशात जायची भीती असेल किंवा पाजताना त्रास होत असेल, तर डॉक्टर बघून ठरवतात. नवजात बाळाचं रक्त लवकर गोठत नाही, म्हणून त्याला जन्मल्यावर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलंय का, हेही ते विचारतात.

वरचे दात आधी आले तर मामाला जड, असंही म्हणतात. मामा बिचारा काही करत नसतो! बहुतेकांचे खालचे आधी येतात, काहींचे वरचे. एवढंच ते.

तिसरा समज जरा घातक आहे. "दात येताहेत म्हणून हगवण लागली" असं म्हणून आपण बाळाला घरी ठेवतो. दात येताना लाळ गळते, हिरडी शिवशिवते, मूल किरकिरतं. पण जोराचा ताप आणि हगवण दातामुळे होत नाही. त्या वयात मूल दिसेल ते तोंडात घालतं, त्यातून जंतू जातात. तेव्हा ओआरएस सुरू करायचं आणि दवाखाना गाठायचा.

"एकेका बाळंतपणात एकेक दात जातो, पोटातलं पोर आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं," हे माझ्या सासूबाईही सांगायच्या. आईच्या दातातून बाळ काही घेत नाही. तिच्या खाण्यातून घेतं आणि ते कमी पडलं तर तिच्या हाडांतून. मग दात का खराब होतात? तर या दिवसांत हिरड्या सुजतात, उलट्यांच्या आंबटपणानं कवच झिजतं आणि घास लावला की मळमळतं म्हणून दात घासणं राहून जातं. उलटी झाल्यावर लगेच घासू नका, आधी साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरा, थोड्या वेळानं घासा.

ओठ फाटलेलं मूल झालं की ग्रहणात सुरी धरली, भाजी चिरली, असं म्हणून आईलाच धारेवर धरतात. वरचा ओठ दोन्ही बाजूंनी वाढत येऊन सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत मध्ये जुळतो आणि टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. ते जुळणं राहून गेलं की ओठ किंवा टाळू फाटलेली राहते. त्याच जागच्या कळ्या बिघडतात, म्हणून अशा मुलांत तिथला एखादा दात नसतो किंवा वाकडा येतो. याची कारणं अनेक आहेत. काही रक्तातून आलेली, काही तंबाखू-दारूसारखी, काही फिटच्या ठरावीक औषधांसारखी. ही औषधं मात्र आपल्या मनानं बंद करायची नाहीत. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायचं. ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. आणि फाटलेला ओठ शिवता येतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांना मोफत उपचारासाठी पाठवतात. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला मूल दाखवा, लपवून ठेवू नका.

आणखी एक. दात, केस, नखं आणि घामाच्या ग्रंथी गर्भातल्या एकाच थरातून घडतात. मूल दीड वर्षाचं झालं तरी एकही दात नाही, केस अगदी विरळ आणि घामही येत नाही, असं असेल तर नुसती वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. घाम न येणाऱ्या मुलाला उन्हाळा सोसत नाही. चार्ल्स डार्विननंही सिंधमधल्या अशा एका कुटुंबाची नोंद केली आहे. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात होते.

मशेरीची डबी

आता जरा आपल्याच कानाला लागेल असं बोलते. आपल्या भागात सकाळी मशेरी लावल्याशिवाय चूल न पेटवणाऱ्या बायका किती आहेत! कुणी मिश्री म्हणतं, कुणी मशेरी. तव्यावर भाजलेला तंबाखूच तो. सून पोटुशी राहिली, तिला मळमळायला लागलं की सासूच डबी पुढे करते, "लाव, बरं वाटेल." २००४ मध्ये मुंबईतल्या गरोदर बायकांवरचा डॉ. प्रकाश गुप्ता यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मशेरीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली. आधीच दोन-सव्वादोन किलोचं बाळ, त्यात शंभर ग्रॅम म्हणजे थोडं नव्हे. आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळांच्या दातांचं कवच कमजोर राहण्याचं प्रमाण जास्त असतं.

औषधांचंही तसंच. टेट्रासायक्लिन नावाच्या जातीची औषधं चौथ्या महिन्यानंतर आईनं किंवा आठ वर्षांपर्यंतच्या मुलानं घेतली तर घडणाऱ्या दातात जाऊन बसू शकतात. दात पिवळे-करडे येतात आणि घासून जात नाहीत. म्हणून दुकानातून मागच्या चिठ्ठीवर गोळ्या आणायच्या नाहीत. दवाखान्यात गेल्यावर "मला दिवस आहेत" हे आधी सांगायचं.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे लवकर सांगायचं. पाळी चुकली की लाजत तीन महिने काढू नका. आशाताईंकडे नाव नोंदवा. कळ्या धरण्याचा काळ तोच असतो. लोहाच्या गोळ्या आणि चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, त्या फडताळात ठेवायला नव्हेत. दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत, मध्ये दोन तास जाऊ द्या.

दुसरं, ताट. महाग काही लागत नाही. नागलीची भाकरी, शेवग्याचा पाला, माठ, डाळ, अंडं आणि सुकट. काट्यासकट खाल्लेली मासळी म्हणजे कॅल्शियमच. आदिवासी प्रकल्प क्षेत्रातल्या अंगणवाड्यांत २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि पाजत्या बाईला एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. ते तिथेच बसून जेवावं. घरी डबा आणला की त्याचे पाच वाटे होतात, हे मी स्वतः पाहिलंय. थोडं कोवळं ऊन अंगावर घ्या, डी जीवनसत्त्व त्यातून मिळतं.

तिसरं, दुधाच्या दातांना "पडणारच आहेत" म्हणून सोडू नका. प्रत्येक दुधाच्या दाताखाली पक्क्या दाताची कळी वाढत असते. वरच्या दातात पू झाला किंवा मूल पडून दात हिरडीत घुसला, तर खालच्या पक्क्यावरही डाग किंवा खड्डा पडू शकतो. पहिला दात दिसला की मऊ ब्रशनं घासायला लागा. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. ती थुंकायला शिकवा.

चौथं, सहाव्या वर्षीची दाढ ओळखा. ही दाढ कुठलाही दात न पडता सगळ्यात मागे गुपचूप येते. आपल्याला वाटतं दुधाचीच आहे. ती पक्की असते आणि जन्मभरासाठी असते. तिची कळी पोटात चौथ्या महिन्यात धरते आणि कवच चढायला सुरुवात होते जन्माच्या सुमारास. पहिल्या तीन वर्षांत ते पुरं होतं. म्हणजे बाळंतपणातले हाल आणि तान्हेपणातली आजारपणं तिच्यावर उमटू शकतात. पहिलीतल्या मुलाचं तोंड उघडून बघा. मागची दाढ पिवळट, खडूसारखी भुसभुशीत दिसली, गार पाण्यानं ठणकत असेल, तर लवकर दाखवा. वेळेवर भरली तर दाढ वाचते.

पुन्हा त्या पाड्यावर

त्या सासूबाई दिवाळीच्या आधी मला मुरबाडच्या बाजारात भेटल्या. स्वतःहून थांबल्या. म्हणाल्या, "सून दुसऱ्यांदा राह्यलीय. दुसराच महिना हाय. नाव घातलं अंगणवाडीत."

मी विचारलं, "भट्टीवर पाठवणार नाही ना?"

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "उचल घेतली हाय ताई. पोरगा एकटा गेला तर फिटायची कशी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाड्यावरच्या कितीतरी घरांत दिवाळीनंतर कुलूप लागतं आणि पावसाच्या तोंडावर ते उघडतं. त्यांना ताटात काय वाढा हे सांगणं सोपं आहे, ताट भरणं सोपं नाही.

नंतर आशाताईंकडून कळलं की ती गेलीच. पण जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि गोळ्या पिशवीत होत्या. आणि या वेळी सासूही बरोबर गेली. दर वर्षी ती नातवाला घेऊन गावात राहायची. विटा उचलायला सासू आणि रांधायला सून, असं त्यांनी आपसात ठरवलं म्हणे. मशेरीचा तवा मात्र सासूनं सोबत नेलाय, तेवढं अजून सुटलेलं नाही!

मैत्रिणींनो, मुलाचे दात किडले की आपण आईकडे बोट दाखवतो. ते बोट जरा मागे न्या. तिला दिवस होते तेव्हा तिच्या ताटात काय होतं, तिच्या डोक्यावर किती ओझं होतं आणि आजारी पडल्यावर तिला दवाखान्यात कुणी नेलं, हे आधी विचारा. हे सगळं एकट्या तिच्या हातात नसतं. आपल्याही असतं, सासू, जाऊ, नणंद, शेजारीण म्हणून.

तुमच्या घरात, आळीत कुणाची पाळी चुकली असेल, तर उद्याच तिला अंगणवाडीत घेऊन जा. कळ्या धरायला लागल्या असतील.